बुरुजातली देवकाई आणि माझी कादंबरी

(द्वितीय वर्ष, कला)

‘मी कादंबरी लिहिते आहे’ हे वाक्य आमच्या वर्गात मोठ्याने म्हणण्याची सोय नाही. मागच्या पावसाळ्यात ते माझ्या तोंडून निसटले आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये माझे नाव ‘लेखिकाबाई’ पडले आहे. त्यात कादंबरी कसली, तर ऐतिहासिक. तिच्यात प्रेमकथा. आणि त्या प्रेमकथेतली नायिका अर्ध्यावर मरते व उरलेली अर्धी कादंबरी तिचे भूत सांगते. “म्हणजे भेळच की गं!” असे एक मैत्रीण म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले.

हसणाऱ्यांवर माझा मुळीच राग नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गवंडीकाम करतात. आई हंगामात सीताफळांच्या बागेत तोडणीला जाते. बाबासाहेबांचे एक चरित्र, वंदनेची पुस्तिका आणि माझी क्रमिक पुस्तके एवढाच आमचा ग्रंथसंग्रह. अशा घरातल्या मुलीने कादंबरी लिहायला घेणे हे मलाही कधी कधी हसण्यासारखे वाटते. परंतु दीड वर्ष या भेळेच्या मागे लागल्यावर इतिहास, प्रेम आणि भूत या तिघांना एका पुस्तकात आणताना लेखकाने काय करावे व काय करू नये, याविषयी माझे एक मत बनले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात. अंगणात उभे राहिले की पुरंदर आणि वज्रगड ही जोडी समोर दिसते. पुरंदरचा इतिहास आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म येथे झाला. १६६५ मध्ये दिलेरखानाशी लढताना मुरारबाजी येथे पडले आणि त्याच वर्षीच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. १७७४ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांचा जन्मही याच गडावरचा. या तारखांवर मला परीक्षेत गुण मिळालेले आहेत. पण याच गडावर शेंदऱ्या नावाचा एक बुरूज आहे आणि त्याची गोष्ट मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटली नाही. ती मला आजीने सांगितली.

गोष्ट थोडक्यात अशी. बेदरच्या राजाच्या अमलात गडाचे बांधकाम चालले होते. शेंदऱ्या बुरूज काही केल्या उभा राहीना. बांधावा आणि ढासळावा, पुन्हा बांधावा आणि पुन्हा ढासळावा. तेव्हा राजाला दृष्टान्त झाला की थोरला मुलगा आणि त्याची बायको अशी दोघे जिवंत पायात घातल्याशिवाय बुरूज टिकणार नाही. बहिरनाक सोननाक नावाच्या महाराने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना दिले. दोघांना बुरुजात गाडले. मग बुरूज उभा राहिला.

आजीने ही गोष्ट चार वाक्यांत सांगितली आणि ती शेंगा निवडू लागली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. देवकाई किती वर्षांची असेल? नव्याने लग्न होऊन आलेली, म्हणजे आजच्या हिशेबाने पोरच. तिचे आणि नाथनाकचे एकमेकांशी बोलणे तरी नीट सुरू झाले होते का? माझी कादंबरी त्या रात्री सुरू झाली.

ऐतिहासिक प्रेमकथा मराठीला नवी नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चे नाव घेतात. ती १८७१ साली प्रसिद्ध होऊ लागली आणि तिच्या नावातच गड आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने १९६२ मध्ये माधवराव आणि रमाबाई यांना घराघरांत नेले. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने १९७२ मध्ये बाजीराव-मस्तानीला नेले. ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ मी आवडीने वाचल्या आहेत, ‘स्वामी’ वाचताना रडलेही आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. आपल्या ऐतिहासिक प्रेमकथा वाड्यात घडतात. वाड्यातल्या माणसांची पत्रे असतात, त्यांच्या खर्चाच्या नोंदी असतात, मरणाच्या तिथी असतात, थेऊरला रमाबाईंचे वृंदावन असते. लेखकाला कल्पनेचा धागा गुंडाळायला काही तरी रीळ मिळते. माझ्या जोडप्याजवळ काय आहे? दोन नावे आणि एक नाते. बस्स.

मग मी शोध घेऊ लागले. मोबाईलवर पाहिले तर तीच चार वाक्ये दहा ठिकाणी शब्दशः उतरवलेली. ग्रंथालयातील सरांनी मला १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरकडे वळवले. शब्दकोश मांडीवर घेऊन पुरंदरचा मजकूर वाचायला मला तीन दुपार लागल्या. त्यातल्या हकिकतीप्रमाणे हे काम येसाजी नाईक चिवे याच्याकडे होते. बुरूज पुरा झाल्यावर येसाजीला गड मिळाला आणि बळी गेलेल्या मुलाच्या बापाला दोन गावे मिळाली. मराठीतल्या काही पुस्तकांत मात्र बांधकाम महादजी निळकंठाने पुरे केले असे सांगतात. म्हणजे बुरूज कुणी बांधवला याबद्दल मतभेद आहेत. आत कोण गेले याबद्दल मतभेद नाहीत, एक मुलगा आणि त्याची बायको. त्या बायकोला काय मिळाले याचा उल्लेख कुठेच नाही, कारण तो प्रश्नच कुणाला पडलेला नाही.

दुसरा घोळ काळाचा. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याची राजधानी गुलबर्ग्याला होती. ती बेदरला नेली अहमदशहाने, आणि त्याची कारकीर्द १४२२ ते १४३६. पुढे १४९० च्या सुमारास निजामशाही उभी राहिली आणि हा मुलूख तिकडे गेला. तेव्हा ‘बेदरचा राजा’ हे शब्द खरे धरले तर माझ्या देवकाईला साधारण साठ वर्षांची खिडकी मिळते. पण ते शब्द तरी खरे धरावेत का? ‘बेदरचा बादशहा’ आपल्या लोककथांत फार ठिकाणी येतो. दामाजीपंतांच्या कथेत विठू महार पैसे भरायला बेदरलाच जातो आणि महारांच्या बावन्न हक्कांची सनद अमृतनाकाला बेदरच्याच बादशहाने दिली असे सांगतात. लोकांना एखादा दूरचा बलाढ्य राजा हवा असला की ते बेदरचे नाव घेत असावेत. शिवाय बांधकाम टिकावे म्हणून सून बळी देण्याची कथा पुरंदरची एकटीची नाही. कानडीत ‘केरेगे हार’ नावाचे लोकगीत आहे, त्यात तळ्याला पाणी लागावे म्हणून भागीरथी नावाची सून देतात. तिथेही सूनच. हे सगळे कळल्यावर मी आमच्या मराठीच्या बाईंकडे गेले आणि म्हटले, “बाई, ही गोष्ट घडली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मग कादंबरी लिहू की नको?” बाई म्हणाल्या, “घडली असे म्हणू नकोस. सांगितली गेली असे म्हण. एवढी वर्षे लोकांनी ती का सांगितली, हाही इतिहासच आहे.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

त्याच बाईंनी माझ्या पहिल्या प्रकरणाची मात्र चांगलीच चटणी केली. त्या प्रकरणात देवकाई पाट्यावर मिरचीचा ठेचा वाटते. बहिरनाक चंची सोडून तंबाखू मळतो. नाथनाक रानातून पिकलेले सीताफळ आणतो आणि ते दोघे चोरून एका फोडीतून खातात, हा माझा सर्वांत लाडका प्रसंग होता. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण आहे. बाईंनी लाल पेनाने चार ठिकाणी गोल केले आणि समासात फक्त ‘१४९८’ एवढे लिहिले. मला काही उलगडेना. मग त्यांनी समजावले. वास्को द गामा कालिकतला उतरला ते साल १४९८. मिरची, तंबाखू, सीताफळ, झेंडू ही सगळी मूळची अमेरिकेकडची मानतात. ती पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आली. तेव्हा देवकाईच्या घरात मिरची असणे शक्य नाही.

वाचकहो, मला खरोखर रडू आले. सासवडची ओळखच सीताफळांची. आईच्या हाताला हंगामभर त्यांचा वास असतो. आणि माझ्या कादंबरीतल्या प्रेमाला त्या फळाची बंदी! पण मग मी विचार करू लागले की तिखट कशाचे असेल. मिऱ्यांचे. पण मिरी विकत घेणे त्या घराला परवडेल का? म्हणजे देवकाईच्या कालवणात तिखटच नसेल. नाथनाकने आणायचे काय? करवंदे. पण करवंदे वैशाखातली, तेव्हा त्या प्रसंगाचा ऋतू बदलावा लागला. ऋतू बदलल्यावर पाण्याची टंचाई आली, टंचाई आल्यावर पाण्यासाठी लांब जाणे आले, आणि त्या वाटेवर ती दोघे पहिल्यांदा एकटी भेटली. एका मिरचीपायी माझे अख्खे प्रकरण बदलले आणि ते आधीपेक्षा कितीतरी खरे झाले. संशोधनाने कल्पनेचे पंख कापले जातात असे म्हणणाऱ्यांनी हा अनुभव एकदा घेऊन पाहावा.

आता प्रेमाकडे येते. माझ्या पहिल्या आराखड्यात देवकाई आणि नाथनाक हातात हात घालून, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बुरुजाच्या खड्ड्यात उतरतात. वरून माती पडत असते आणि ती दोघे स्मित करतात. हे प्रकरण मला इतके सुंदर वाटले होते की ते मी आजीला वाचून दाखवले. आजी ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “आगं, हातात हात घालून कोन मरायला जातंय? बोंबलली आसंल ती. सासऱ्याचं पाय धरलं आसतील तिनं.”

माझी वही बंद झाली ती पंधरा दिवस उघडली नाही. आजीने एका वाक्यात दाखवून दिले की माझे सुंदर प्रकरण म्हणजे राजाचीच बाजू होती. बळी गेलेली माणसे राजीखुशीने गेली असे म्हटले की मारणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते. प्रेमकथा लिहिणाऱ्याला हा मोह फार असतो. मरण गोड करून दाखवले की प्रेम मोठे दिसते असे आपल्याला वाटते. पण गोष्टीतला शब्द नीट ऐकला तर तो आहे ‘दिले’. बहिरनाकाने मुलगा आणि सून दिली. द्यायच्या वस्तूला कुणी विचारत नाही. बारावीनंतर माझ्यासाठी एक स्थळ आले होते. दोन बैठका झाल्यावर ते मला कळले. आई आडवी आली आणि अण्णांनी तिचे ऐकले म्हणून मी आज या अंकात लिहिते आहे. माझी आणि देवकाईची तुलना होऊ शकत नाही हे मी जाणते. पण आपल्याविषयीची बोलणी आपल्याला शेवटी कळतात तेव्हा छातीत काय होते, एवढे मला ठाऊक आहे, आणि तेवढ्या भांडवलावर मी ते प्रकरण पुन्हा लिहिले. आता त्यात हातात हात नाही. नाथनाक तिला आदल्या रात्री पळवून नेऊ पाहतो आणि गडाच्या पायथ्याशी दोघे पकडली जातात. बहिरनाकालाही मी दुष्ट केलेले नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही त्याने ‘दिले’ असे म्हणण्यात कितीसा अर्थ आहे, हा प्रश्न मी वाचकांवर सोडला आहे.

राहिले भूत. आणि इथेच घरात खरा वाद झाला.

आम्ही बौद्ध आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर आमच्या पणजोबांनी घरातले जुने देव नदीला पोहोचवले असे सांगतात. अण्णा फारसे शिकलेले नाहीत, पण या बाबतीत कडक. अंगात येणे, उतारा, लिंबू, करणी यांना आमच्या दारात थारा नाही. त्यांना कळले की पोरगी भुताची कादंबरी लिहिते आहे. ते ओरडले नाहीत. जेवता जेवता म्हणाले, “बाबासाहेबांनी आपल्याला त्या अंधारातनं भाईर काढलं. तू शिकून पुन्हा आत चाललीस व्हय?”

मला उत्तर देता आले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात दुष्ट प्रथांपैकी पहिला शब्द ‘नरबळी’ हा आहे. ज्या राज्यात आजही नरबळीविरुद्ध कायदा लागतो, तिथे एका नरबळीच्या गोष्टीत भूत घालणे ही लेखकाची मौज असू शकत नाही. त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

मग भूत काढूनच का टाकू नये? मी तसा प्रयत्न करून पाहिला. भूत काढले की देवकाई शंभराव्या पानावर मरते आणि कादंबरी संपते. पुन्हा राजाचा बुरूज तेवढा शिल्लक राहतो. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांनी काकांना मारलेली हाक अजून ऐकू येते, ही आख्यायिका पुण्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. पेशव्याचे भूत लोकांनी बोलके ठेवले. देवकाईच्या भुताला कुणी एक शब्दही दिलेला नाही. आपल्याकडे भुतांचीही जातवारी आहे. मुंज झालेला मुलगा मेला तर मुंजा, ब्राह्मण मेला तर ब्रह्मसंबंध, बाळंतीण मेली तर हडळ. पायात गाडलेल्या सुनेसाठी मात्र या यादीत जागा नाही. कागदावर नाव नाही, समाधी नाही आणि भुतांतही गणती नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ‘नाक’ने शेवट होणारी नावे दगडावर कोरलेली आहेत, त्यांना आपण वंदन करतो. नाथनाकचे नाव दगडावर नाही, तो स्वतःच दगडाखाली आहे. अशा माणसांना बोलते करायला कादंबरीकाराजवळ भुताशिवाय दुसरे कोणते साधन आहे?

हा तिढा सोडवला तो अण्णांनीच, आणि तोही गवंडी म्हणून. एका रविवारी त्यांना घेऊन मी पुरंदरावर गेले. गड लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत जावे लागते. धुके इतके होते की बुरूज नीट दिसेना. पण वाटेवरचे तट आणि भिंती अण्णा हाताने चाचपत चालले होते. मध्येच थांबून ते म्हणाले, “त्यो बुरूज कशानं ढासळत आसंल, ठावं हाय का? उताराला हाय त्यो. माघारी मातीचा भराव. पान्याला वाट दिली नसंल. पावसाळ्यात भराव फुगतो नि भिताड भाईर ढकलतो. न्हाईतर चुना मुरायच्या आधीच वर थर चढवला आसंल, राजाची घाई म्हनून.”

मी विचारले, “मग नंतर कसा टिकला?”

“तीनदा पडल्यावर गवंड्याला अक्कल येती. पाया खोल नेला आसंल, पान्याला वाट काढली आसंल. रगत सांडून चुना धरत न्हाई, पोरी.”

त्या धुक्यात मला एकदम लख्ख दिसले. या गोष्टीतली अंधश्रद्धा भुतात नाहीच. ती शेवटच्या वाक्यात आहे, ‘मग बुरूज उभा राहिला’ या वाक्यात. त्या ‘मग’मध्ये सगळे पाप आहे. दोन जीव गेले म्हणून बुरूज टिकला, असे तो शब्द सांगतो, आणि ज्यांचे जीव गेले त्यांच्या नातवंडांनीही पिढ्यानपिढ्या थोड्या अभिमानाने तसेच सांगितले. मी जर असे लिहिले की देवकाईचा आत्मा बुरूज सावरून धरतो, तोफांचे गोळे परतवतो, गडाचे रक्षण करतो, तर ते वाचायला भव्य वाटेल. टाळ्याही मिळतील. पण त्याचा अर्थ, बळी लागू पडला असा होईल. राजाचा दृष्टान्त खरा ठरेल. मग माझ्यात आणि तो खड्डा खणायला लावणाऱ्यात फरक काय?

म्हणून मी माझ्यापुरता नियम केला. भुताने बोलावे, बुरूज सावरू नये.

माझी देवकाई काहीही करू शकत नाही. ती कुणाला झपाटत नाही, कुणाच्या अंगात येत नाही, कुणाला शाप देत नाही. ती फक्त ऐकते आणि सांगते. तिला बेदर कुठे आहे ते माहीत नाही, राजाचे नाव माहीत नाही, सन माहीत नाही. जिवंतपणी तिला जे ठाऊक नव्हते ते मेल्यावरही ठाऊक होत नाही. हा नियम पाळणे फार जड जाते. एखादी माहिती कशी द्यावी असा पेच पडला की भुताच्या तोंडून ती वदवण्याचा मोह होतो. भुताला काय, सगळे दिसते! पण जिथे अभ्यास कमी पडला तिथे भूत उभे करणे म्हणजे परीक्षेत उत्तर येत नसले की देवाचे नाव लिहिण्यासारखे आहे. तिला सन माहीत नसावा, मला मात्र माहीत असला पाहिजे.

तिला मिळाली आहे ती एकच गोष्ट, लांबलचक काळ. दगडामागून तिला माणसांचे आवाज येतात. दोनदा तिला नवजात बाळाचे रडणे ऐकू येते आणि गडभर आनंद होतो. ती बाळे कुणाची हे तिला कळत नाही. वाचकाला कळते, एक १६५७ सालचे आणि दुसरे १७७४ सालचे. तिला स्वतःला मूल झाले नाही, एवढेच ती बोलते. एका वर्षी तोफा धडाडतात. कोण कुणाशी लढते आहे ते तिला समजत नाही, पण दगड हादरतो आणि शेजारी नाथनाक आहे की नाही हे ती पुन्हा एकदा चाचपून पाहते. माझी प्रेमकथा आता एवढ्या चाचपण्यात आहे. हातात हात घालून मरण्यापेक्षा ती मला खरी वाटते.

शेवटच्या प्रकरणात एका पावसाळ्यात त्याच बुरुजाचे काही दगड निखळतात. कामाला गवंडी येतात. देवकाई भीतीने थिजते, आता कुणाची सून आणतील? पण कुणालाच आणत नाहीत. एक म्हातारा गवंडी पाण्याला वाट काढतो, चुना मुरू देतो, ओळंबा धरतो आणि थर चढवतो. बुरूज उभा राहतो. तेव्हा तिला कळते की आपण त्या खड्ड्यात जाण्याची कधीच गरज नव्हती. यापेक्षा भयंकर भयकथा मला सुचत नाही.

माझ्या बरोबरीचे अनेकजण लिहितात. काहींच्या वहीत मावळे आहेत, काहींच्या वहीत भुते आहेत, प्रेम तर सर्वांच्याच वहीत आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच की या तिन्हींना हलके समजू नका. इतिहास लिहायचा तर आधी पाट्यावर काय वाटले जात होते ते विचारा. प्रेम लिहायचे तर तिला कुणी विचारले होते का, हे विचारा. आणि भूत आणायचेच असेल तर त्याच्या तोंडून कुणाची बाजू मांडली जाते आहे, राजाची की पायातल्या माणसाची, हे स्वतःला विचारल्याशिवाय आणू नका. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच हातात पेन आलेल्यांनी तर हा प्रश्न दोनदा विचारावा. आपल्या आज्यांनी जपलेल्या गोष्टी आपणच लिहिणार आहोत, आणि त्यांतला तो ‘मग’ आपल्याही हातून नकळत लिहिला जाऊ शकतो.

कादंबरी अजून पुरी झालेली नाही. ती छापली जाईल की नाही हे मला ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात शेवटचे प्रकरण अण्णांना वाचून दाखवले. ते कामावरून आले होते, हातापायांवर सिमेंट वाळलेले होते. भुताबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “त्यो म्हातारा वल्या चुन्यावर थर चढवतोय तुझ्यात. आठ दिस थांबव त्येला.”

मी आठ दिवस वाढवले आहेत.